वाळू प्लॉटची हद्द पाळत नाही

सिनॉप्सिस लिहिताना 'अभ्यासक्षेत्र' नावाचा एक परिच्छेद असतो. आपण बहुतेक जण तो शेवटी आणि घाईत लिहितो. तालुक्याचा नकाशा चिकटवायचा, अक्षांश-रेखांश टाकायचे, झालं. मीही तेच केलं होतं. माझा विषय नदीतल्या वाळूचा आणि अभ्यासक्षेत्र म्हणून मी घेतला होता एक तालुका. समितीतल्या एका मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "ही वाळू येते कुठून?" वाळू येत होती वरच्या तालुक्यातून, तिथल्या बंधाऱ्यांवरून. म्हणजे माझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर माझ्या नकाशाच्या बाहेर होतं. सिनॉप्सिस परत आला आणि माझे चार महिने गेले.

त्या चार महिन्यांत वाचताना एक जुनं प्रकरण सापडलं. अमेरिकेतल्या वाळवंटातले रिसॉर्ट, त्यांना परवानग्या देणाऱ्या नगरपालिका आणि वाळूत राहणारा एक सरडा यांची ही गोष्ट. माझी चूक तिथे एका अख्ख्या खोऱ्याने केली होती, आणि ती कायद्याच्या चौकटीत राहूनच केली होती. संशोधनाची तयारी करणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण एकदा वाचावं असं मला वाटतं, म्हणून आज ते सविस्तर सांगते.

वाळवंटात हिरवळ कशी आली?

दक्षिण कॅलिफोर्नियात कोचेला खोरं आहे. पाम स्प्रिंग्जपासून सॉल्टन समुद्रापर्यंत पसरलेलं. वर्षाचा पाऊस जेमतेम, १५ सेंटीमीटरच्याही आत. पश्चिमेला सॅन गोर्गोनियो (३,५०६ मीटर) आणि सॅन हासिंटो (३,३०२ मीटर) हे दोन उंच डोंगर, आणि त्यांच्यामधली खिंड. त्या खिंडीतून वारा इतका जोरात घुसतो की आज तिथे पवनचक्क्यांचं जंगल उभं आहे. ही खिंड लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हिवाळ्यातल्या उबदार, कोरड्या हवेसाठी लोक इथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनच यायला लागले होते. लॉस एंजेलिस जवळ असल्यामुळे हॉलीवूडची मंडळीही आली. मग १९५१ मध्ये रँचो मिराज इथे थंडरबर्ड कंट्री क्लब सुरू झाला. या खोऱ्यातलं १८ होलचं पहिलं गोल्फ मैदान हेच. गोल्फच्या हिरवळीला लागून घरं बांधायची आणि विकायची, हे गणित जमलं. नंतर एकामागून एक क्लब झाले, आणि आज खोऱ्यात शंभराहून अधिक गोल्फ मैदानं आहेत. पाणी जमिनीखालून उपसायचं, आणि कोलोरॅडो नदीचं पाणीही कालव्याने खोऱ्यात पोचलेलं होतं.

सपाट, मोकळी, वाळूची जमीन बिल्डरला हवी होती. पण तिथे आधीपासून कोणीतरी राहत होतं.

झालरीच्या बोटांचा सरडा

'कोचेला व्हॅली फ्रिंज-टोड लिझार्ड', शास्त्रीय नाव 'उमा इनॉर्नाटा'. कोप या शास्त्रज्ञाने १८९५ मध्ये त्याचं वर्णन केलं. जगात तो फक्त या एका खोऱ्यात सापडतो. मागच्या पायांच्या बोटांना खवल्यांची झालर असते, त्यामुळे भुसभुशीत वाळूवरून तो न रुतता पळतो. संकट आलं की वाळूत सूर मारतो आणि आत पोहत जातो. त्यासाठी पाचरीसारखं नाक, कानांवर पडदे, वाळू आत जाणार नाही असा खालचा जबडा, सगळी तयारी आहे.

पण या तयारीला एक अट आहे. वाळू बारीक आणि मोकळी हवी, आणि सतत नवी येत राहायला हवी. नवी वाळू यायची थांबली तर वारा आहे ती बारीक वाळू उडवून नेतो, मागे जाड खडे उरतात आणि जमीन घट्ट होते. सरड्याला कोणी हात लावला नाही तरी त्याचं घर जातं.

परवानगी कोण देतं, आणि तपासतं कोण?

आता थोडा कायदा. कंटाळा करू नका, खरी गोम इथेच आहे.

तिथे जमीन कशासाठी वापरायची हे मुख्यतः नगरपालिका किंवा काउंटी ठरवते. बिल्डर अर्ज करतो, नियोजन आयोग सुनावणी घेतो, मोठ्या प्रकल्पांवर निवडून आलेली नगर परिषद मतदान करते. १९७० मध्ये कॅलिफोर्नियाने पर्यावरण गुणवत्ता कायदा केला. सरकारी 'प्रकल्पा'चे पर्यावरणावर मोठे परिणाम होणार असतील तर आधी अहवाल करा, असं त्यात होतं. खाजगी बिल्डर म्हणाले, आम्ही कुठे सरकार आहोत?

याचा निकाल लागला १९७२ मध्ये, तोही एका पर्यटनस्थळाच्या खटल्यात. मोनो काउंटीतल्या मॅमथ इथे बहुमजली इमारतींना काउंटीने परवानगी दिली होती आणि स्थानिक रहिवासी कोर्टात गेले. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल न्यायमूर्ती स्टॅनली मॉस्क यांनी लिहिला. त्याचं सार असं: बांधणारा खाजगी असेल, पण परवानगी देणं ही सरकारची कृती आहे, म्हणून अहवाल लागणार. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायद्यात तशी दुरुस्तीही केली. तेव्हापासून वाळवंटातल्या प्रत्येक मोठ्या रिसॉर्टच्या फाइलला पर्यावरण अहवाल जोडणं आलं.

पण एक नीट समजून घ्या. हा अहवाल प्रकल्प थांबवत नाही. परिणाम काय होतील, ते कमी कसे करता येतील, हे लोकांसमोर मांडणं एवढंच त्याचं काम. सगळं वाचून, फायदे जास्त आहेत असं लेखी कारण देऊन नगर परिषद 'हो' म्हणू शकते. 'न वाचता हो म्हणू नका' एवढाच त्याचा आग्रह.

प्रत्येक फाइल बरोबर, बेरीज चूक

आता कल्पना करा, तुम्ही नियोजन आयोगावर आहात. समोर एका कंट्री क्लबची फाइल आहे. जीवशास्त्रज्ञ प्लॉटवर जाऊन आला, त्याने सरडे मोजले. अहवालात लिहिलंय की या प्लॉटवरचा अधिवास जाईल, पण खोऱ्याच्या मानाने तो थोडाच आहे. वाक्य खोटं नाही. तुम्ही सही करता. पुढच्या महिन्यात शेजारची फाइल येते, पुन्हा तेच वाक्य, पुन्हा खरंच. अनेक प्रकल्पांचा एकत्रित परिणाम बघा असं कायदा सांगत होता. पण सही होत होती एकेका फाइलवर.

शिवाय दोन गोष्टी प्लॉटवर उभं राहून दिसतच नाहीत.

पहिली म्हणजे जागा. वाळू प्लॉटवर तयार होत नाही. डोंगरातून व्हाइटवॉटरसारख्या नद्या आणि कोरडे ओढे पुरात गाळ खाली आणून टाकतात. मग खिंडीतून येणारा वारा त्यातली बारीक वाळू वेगळी करून खोऱ्यात आग्नेयेकडे नेतो. या वाटेत कुठेही घरांची रांग उभी राहिली, किंवा रेल्वेमार्गाला वाळूपासून वाचवायला टॅमरिस्कच्या झाडांची ओळ लावली, तर तिच्या पलीकडची वाळू उपाशी पडते. म्हणजे ज्या प्लॉटवर एकही सरडा नाही, तिथलं बांधकामही कित्येक किलोमीटरवरचे सरडे संपवू शकतं. अहवालात मात्र त्या प्लॉटपुढे 'परिणाम नाही' असंच येणार!

दुसरी म्हणजे काळ. वाळवंटातल्या नद्या रोज वाहत नाहीत. गाळाचा मोठा हिस्सा १९३८ किंवा १९६९ सारख्या क्वचित येणाऱ्या महापुरांत खाली येतो. सरड्यांची संख्याही ओल्या हिवाळ्यानंतर वाढते आणि दुष्काळात कोसळते. एका मोसमाच्या पाहणीत 'आढळले नाहीत' असं लिहिलं, तर त्याचा अर्थ 'राहत नाहीत' असा होत नाही.

मग काय केलं?

रिव्हरसाइडच्या विद्यापीठातले प्राणिशास्त्रज्ञ विल्बर मेह्यू आणि इतर काही जण हा धोका बरीच वर्षं सांगत होते. १९८० मध्ये केंद्र सरकारने सरड्याला संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत घातलं. त्यामुळे पेच झाला. नगरपालिकेची परवानगी हातात असली तरी केंद्राच्या कायद्याने सरडा मारणं गुन्हा होतं. एका मोठ्या कंट्री क्लबवरून वाद पेटला आणि बिल्डरांच्याही लक्षात आलं की प्रत्येक फाइल अशी अडकली तर धंदा बसेल.

वाट काढायला कायद्यातली एक नवी तरतूद उपयोगी पडली. १९८२ च्या दुरुस्तीनुसार, प्रजातीच्या रक्षणाची पूर्ण योजना दिली तर बांधकामात होणाऱ्या नुकसानीला परवाना मिळू शकत होता. बिल्डर, शहरं, काउंटी, सरकारी खाती आणि नेचर कॉन्झर्व्हन्सी ही संस्था एकत्र बसली, आणि १९८६ मध्ये योजना मंजूर झाली. एकेका प्लॉटवर सरडे वाचवत बसायचं नाही. सरड्यांच्या जुन्या अधिवासात बांधकाम करणाऱ्याने एकरी ६०० डॉलर भरायचे आणि त्या पैशाची मदत घेऊन तीन मोठी राखीव क्षेत्रं उभी करायची: थाउजंड पाम्स, व्हाइटवॉटरचं पूरमैदान आणि विलो होल. आपल्या देशातली अशा प्रकारची ही अगदी सुरुवातीची योजना म्हणून अमेरिकेत तिचं कौतुक झालं. टीकाही झाली, कारण राखीव क्षेत्रांबाहेरचा बराच अधिवास बांधकामाला मोकळा झाला.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती सांगितली नसती. पुढच्या वर्षांत अभ्यास चालू राहिला. थाउजंड पाम्सचे व्यवस्थापक आणि जीवशास्त्रज्ञ कॅमेरॉन बॅरोज यांच्या कामातून पुढे आलं की सरड्यांची जागा राखली, पण ती वाळू जिथून येते तो सगळा भाग हद्दीत आलेलाच नव्हता. २००२ च्या सुमारास अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने वाळूच्या पुरवठ्याचा हिशोब मांडला. व्हाइटवॉटरजवळ भूजल पुनर्भरणाचे मोठे तलाव आहेत, तिथे कोलोरॅडोचं पाणी मुरवतात. ते तलाव वाळू अडवत होते. ज्या भूजलावर शहरं, शेतं आणि गोल्फची हिरवळ जगते, त्याच्याच पुनर्भरणाने राखीव क्षेत्राची वाळू तुटत होती. तलावांची फाइल वेगळी, सरड्याची फाइल वेगळी.

शेवटी २००८ मध्ये २७ प्रजातींसाठी, ७५ वर्षांची नवी योजना लागू झाली. तिच्यात वाळूचा उगम आणि वाळू वाहण्याची वाट या स्वतंत्र राखायच्या गोष्टी मानल्या गेल्या. सरडा यादीत आल्यापासून इथवर यायला २८ वर्षं लागली. मधल्या काळात ज्या वाटांवर घरं झाली, त्या काही परत मोकळ्या होणार नाहीत.

आपल्यासाठी काय?

या गोष्टीत खलनायक शोधू नका, फारसा सापडणार नाही. आयोगाने सुनावण्या घेतल्या, जीवशास्त्रज्ञांनी प्रामाणिकपणे मोजलं, बिल्डरांनी पैसे भरले. चूक एका रेषेत होती. अभ्यासाची हद्द मालकीच्या नकाशावरून ठरली, वाळूच्या वाटेवरून ठरली नाही.

आपल्याकडच्या पर्यावरण परिणाम अहवालांत अभ्यासक्षेत्र बहुधा प्रकल्पाभोवती १० किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ असतं. सोयीचं असतं, तपासायलाही सोपं. पण नदी काही वर्तुळात वाहत नाही. असा अहवाल हातात आला तर आधी निष्कर्ष वाचू नका. वर्तुळ बघा आणि विचारा: पाणी, गाळ, वारा, जनावरं या वर्तुळात येतात कुठून आणि जातात कुठे? मग पाहणीच्या तारखा बघा. एक मोसम की जास्त? दुष्काळी वर्ष की ओलं? आणि 'परिणाम नगण्य' हे वाक्य दिसलं की शेजारच्या प्रकल्पाचा अहवालही काढा. तेच वाक्य तिथे आहे का बघा.

आणि तुमच्या सिनॉप्सिसमध्ये? 'अभ्यासक्षेत्र' हा परिच्छेद शेवटी लिहू नका. आधी एका ओळीत लिहा की तुमची गोष्ट, मग ती वाळू असो, पाणी असो, रोग असो की बाजारभाव, कुठून येते आणि कशाने अडते. त्या ओळीवरून नकाशा काढा. तो तालुक्यापेक्षा मोठा निघाला आणि तुम्हाला तेवढं फिरणं शक्य नसेल, तर तसं स्पष्ट लिहा. ती मर्यादा तुम्हीच लिहिलीत तर समितीला विचारावी लागत नाही.

माझ्या नव्या नकाशात आता अडीच तालुके आहेत. फील्डवर्क दुप्पट झालंय, एसटीचा खर्चही. पण ही वाळू येते कुठून, हे आता मला सांगता येतं.