कारभारीपण, ख्रिस्ती

ख्रिस्ती कारभारीपण : आयुष्य, वेळ, अंगचे गुण, विद्या, पैसा, जमीन आणि निसर्ग ही सारी देवाची देणी आहेत, माणूस त्यांचा मालक नाही, सांभाळ करणारा कारभारी आहे, त्याने ती देवाच्या इच्छेप्रमाणे व शेजाऱ्याच्या भल्यासाठी वापरावीत आणि शेवटी त्यांचा हिशेब द्यावा, अशी ख्रिस्ती धर्मातील शिकवण. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये हा विषय दशांश (उत्पन्नाचा दहावा हिस्सा), अर्पण, उपकारस्तुती या शब्दांच्या सोबतीने येतो. त्यामुळे कारभारीपण म्हणजे मंडळीला वर्गणी देणे, असा समज रूढ झाला आहे. प्रत्यक्षात दान हा या शिकवणीचा एक भाग आहे. हातात उरलेले कसे वापरले, हा प्रश्न तिच्यात दानाइतकाच महत्त्वाचा आहे. नागपूर आणि त्याच्या आसपासच्या मुलखात या शिकवणीची काही ठळक उदाहरणे घडली. प्रस्तुत नोंदीत त्यांचा विशेष परामर्श घेतला आहे.

शास्त्राधार : उत्पत्तीच्या पुस्तकात देव माणसाला बागेत ठेवतो तो तिची मशागत व राखण करण्यासाठी. लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात जमीन कायमची विकायची नाही असा दंडक आहे, कारण जमीन देवाची आणि लोक तिच्यावरचे उपरे. पिकाची कापणी करताना शेताच्या कडा सोडाव्यात, सांडलेली कणसे गोळा करू नयेत, ती गरिबांसाठी व परदेशीयांसाठी राहू द्यावीत, असाही नियम आहे. रूथ ही मवाबी विधवा याच नियमाच्या आधाराने बवाजाच्या शेतात सरवा वेचते. दर तिसऱ्या वर्षाचा दशांश गावातच ठेवून लेवी, उपरे, अनाथ आणि विधवा यांना पोटभर द्यावा, असे अनुवादाच्या पुस्तकात सांगितले आहे. म्हणजे देवाला दिलेले आणि गरिबाला दिलेले या दोन गोष्टी तेथे वेगळ्या काढलेल्या नाहीत.

नव्या करारात येशूच्या दृष्टांतांमध्ये कारभारी वारंवार येतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात धनी परदेशी जाताना तीन चाकरांकडे आपला पैसा सोपवतो. पहिले दोघे तो व्यवहारात घालून वाढवतात आणि तिसरा भीतीपोटी जमिनीत पुरून ठेवतो. धन्याचा राग या तिसऱ्यावर होतो. त्याने काही चोरले नव्हते. दिलेले पडून राहू दिले, हाच त्याचा अपराध. लूकच्या बाराव्या अध्यायात ज्याला जास्त मिळाले त्याच्याकडून जास्त मागितले जाईल, असे तत्त्व येते. पेत्राच्या पहिल्या पत्रात प्रत्येकाला मिळालेले कृपादान एकमेकांच्या सेवेसाठी वापरायचे आहे.

कारभाराच्या चोखपणाबद्दल सर्वांत स्पष्ट उदाहरण प्रेषित पौलाचे आहे. यरुशलेमेतील गरिबांसाठी त्याने ग्रीस व मासेदोनियातील मंडळ्यांकडून निधी जमवला. तो नेण्यासाठी त्याने आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबत घेतला. एवढ्या मोठ्या रकमेबद्दल कोणी बोट दाखवू नये आणि देवासमोर तसेच माणसांसमोरही व्यवहार स्वच्छ असावा, असे कारण त्याने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात दिले आहे. स्वतः प्रेषित असूनही त्याने साक्षीदार सोबत घेतले, ही बाब लक्षात ठेवण्याजोगी आहे.

ऐतिहासिक विकास : सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठांसाठी केलेल्या नियमावलीत कोठारप्रमुखाने मठाची साधी हत्यारे-भांडीदेखील वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी जपावीत, असे सांगितले. अठराव्या शतकात जॉन वेस्लीने पैशाच्या वापरावरील प्रवचनात प्रामाणिकपणे शक्य तितके कमवा, शक्य तितके वाचवा आणि शक्य तितके द्या, अशी तीन सूत्रे मांडली. पोप फ्रान्सिस यांच्या २०१५ मधील ‘लाउदातो सी’ या परिपत्रकाने पृथ्वीची निगा आणि गरिबांची निगा हे एकच कर्तव्य आहे, यावर भर दिला.

नागपुरातील मिशनकार्य : स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप (१८१७–६३) १८४५ मध्ये नागपुरात आले. भोसल्यांचे राज्य तेव्हा अजून चालू होते. या मिशनची सुरुवात विल्यम हिल या लष्करी अधिकाऱ्याने दिलेल्या देणगीमुळे होऊ शकली. हिस्लॉप यांनी शाळा काढली, मराठी आत्मसात केली, गोंड समाजाच्या भाषा व चालीरीतींची टिपणे केली. ही टिपणे त्यांच्या मृत्यूनंतर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह त्यांनी नागपूर परिसरातील खडक व जीवाश्म यांचा अभ्यास केला. टाकळी येथील लाव्हाथरांमधील गाळात सापडलेले जीवाश्म आणि मांगली येथील प्राचीन उभयचराची कवटी यांमुळे या भागाकडे जगातील भूवैज्ञानिकांचे लक्ष गेले. टाकळघाट येथील शिलावर्तुळांची पाहणी करून परतत असताना ४ सप्टेंबर १८६३ रोजी पूर आलेल्या ओढ्यात बुडून त्यांचा मृत्यू झाला.

धर्मोपदेशकाने दगड गोळा करत फिरणे हा कामातील विरंगुळा होता, असे हिस्लॉप यांच्याकडे वरवर पाहणाऱ्याला वाटेल. कारभारीपणाच्या दृष्टीने पाहिले तर त्यांच्या आयुष्यातील शाळा, भाषा आणि भूशास्त्र ही तिन्ही एकाच भूमिकेतून येतात : बुद्धी ही सोपवलेली गोष्ट आहे आणि जेथे राहायचे तेथील माती, माणसे व बोली जाणून घेण्यासाठी ती खर्चायची आहे. त्यांच्या नावाने १८८३ मध्ये सुरू झालेले हिस्लॉप महाविद्यालय हे नागपुरातील सर्वांत जुने महाविद्यालय होय. याच स्कॉटिश मिशनने स्त्रियांसाठी दवाखान्याचे काम उभे केले. म्यूर मेमोरियल रुग्णालय हे त्याचे फलित. कॅथलिकांच्या नागपूर धर्मप्रांताची स्थापना १८८७ मध्ये झाली आणि संत फ्रान्सिस द सेल्सच्या मिशनऱ्यांनी शहरात शाळांचे जाळे विणले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा पंथीय मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना नागपुरातच झाली. भारतातील राष्ट्रीय ख्रिस्ती परिषदेचे मुख्यालयही याच शहरात आहे.

मराठी ख्रिस्ती परंपरा : पंडिता रमाबाईंचे आईवडील आणि बहीण १८७०च्या दशकातील दुष्काळात दगावले होते. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातील उपासमारीची वार्ता कळताच रमाबाई स्वतः तेथे गेल्या आणि निराधार मुली व बालविधवांना त्यांनी आपल्या आश्रयाला आणले. त्यांची संख्या सुमारे ३०० झाली. केडगाव येथील रमाबाईंच्या ‘मुक्ती सदन’ या आश्रमात या मुलींना केवळ अन्न मिळाले नाही. फळबागा, विहिरी, विणकाम, तेलघाणा, छापखाना अशी कामे त्यांच्या हाती देण्यात आली. रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर मुक्तीच्याच छापखान्यात मुलींनी छापले आणि ते रमाबाईंच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये पूर्ण झाले. ज्यांना समाजाने ओझे मानले त्यांच्या हातात कसब आहे हे ओळखणे आणि त्याला वाव देणे, ही रमाबाईंच्या कारभारीपणाची खूण आहे.

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) ख्रिस्ती होण्यापूर्वी काही काळ नागपुरात आप्पासाहेब बुटी यांच्याकडे वाङ्मयीन कामासाठी होते. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत भेटलेल्या एका युरोपीय प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. आयुष्याच्या अखेरीस, १९१७ मध्ये, त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ हा भारतीय वळणाचा बंधुसंघ सुरू केला. टिळकांचा हात सैल होता. खिशातले सगळे देऊन टाकणारा नवरा आणि घरातल्या पोराबाळांच्या ताटात उद्या काय वाढायचे याची चिंता वाहणारी बायको यांची ओढाताण लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त विलक्षण मोकळेपणाने आली आहे. उदारपणा आणि जपणूक या कारभारीपणाच्या दोन बाजू आहेत. टिळकांच्या घरात त्या दोघांनी वाटून घेतल्या होत्या आणि दुसरी बाजू सांभाळणाऱ्या लक्ष्मीबाईंचे श्रेय कमी मानण्याचे कारण नाही.

जे. सी. कुमारप्पा : या शिकवणीला अर्थशास्त्राची बैठक देणारा विचारवंत नागपूरच्या शेजारी, वर्ध्याला घडला. जोसेफ चेल्लादुराई कुमारप्पा (१८९२–१९६०) हे तंजावरच्या तमिळ ख्रिस्ती कुटुंबातले. लंडनमध्ये ते हिशेबतपासनीस झाले, मुंबईत त्यांनी तो व्यवसाय केला आणि अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक अर्थव्यवहाराचा अभ्यास केला. १९२९ मध्ये ते गांधीजींना भेटले आणि पुढे अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम पाहण्यासाठी वर्ध्याच्या मगनवाडीत राहू लागले. घाण्याचे तेल, हातकागद, मधमाशीपालन, वनस्पती तेलावर जळणारा मगनदीप अशा प्रयोगांचे हे केंद्र होते.

१९३४ च्या बिहार भूकंपानंतर मदतनिधीचा हिशेब कुमारप्पांकडे होता. स्वयंसेवकाच्या रोजच्या जेवणखर्चाला त्यांनी तीन आण्यांची मर्यादा घातली. गांधीजी आपल्या मंडळींसह पाहणीला आले तेव्हा त्यांच्या सोबतच्या लोकांचा खर्च या निधीतून करता येणार नाही, असे कुमारप्पांनी कळवले. निधी भूकंपग्रस्तांचा होता. महात्म्याच्या नावानेही त्यातला पैसा दुसरीकडे वळवणे त्यांना मान्य नव्हते. गांधीजींनी ही अट मानली. आदर आणि हिशेब यांची गल्लत न करणे म्हणजे काय, हे या प्रसंगातून जितके कळते तितके अनेक प्रवचनांतूनही कळत नाही.

१९४२ च्या लढ्यात कुमारप्पांना तुरुंगवास झाला. त्या काळात त्यांनी ‘द इकॉनॉमी ऑफ परमनन्स’ आणि ‘प्रॅक्टिस अँड प्रिसेप्ट्स ऑफ जीझस’ ही पुस्तके लिहिली. पहिल्या पुस्तकात त्यांनी निसर्गातील संपत्तीचे दोन प्रकार केले. कोळसा, खनिज तेल, धातू हे साठे एकदा वापरले की संपतात. जंगल, पाणी, शेती आणि माणसाचे श्रम हे मात्र सांभाळले तर पुन्हा पुन्हा मिळतात. साठ्यावर उभी राहिलेली अर्थव्यवस्था भांडणे व युद्धे ओढवून घेते, तर दुसऱ्या प्रकारच्या संपत्तीवर उभी असलेली टिकते, असा त्यांचा निष्कर्ष होता. दुसऱ्या पुस्तकात येशूची शिकवण रविवारच्या उपासनेपुरती न ठेवता बाजार, कारखाना व घरखर्च यांना लावली पाहिजे, असे त्यांनी मांडले. कोळशाच्या खाणी आणि औष्णिक वीजकेंद्रे असलेल्या विदर्भात हा विचार आजही तितकाच निकडीचा आहे.

मंडळीतील व्यवहार : कारभारीपणाचे दृश्य रूप म्हणजे उपासनेतील अर्पण. काही कुटुंबे उत्पन्नाचा दहावा हिस्सा नेमाने देतात; काही ठरावीक मासिक रक्कम पाकिटातून देतात. वाढदिवस, नोकरी लागणे, आजारातून उठणे, घर बांधून होणे अशा निमित्तांनी उपकारस्तुतीचे अर्पण दिले जाते. कापणीच्या सणाला धान्य, भाज्या, फळे, अंडी आणि घरी केलेले पदार्थ वेदीपुढे मांडले जातात. पुष्कळ ठिकाणी उपासना संपल्यावर त्यांचा लिलाव होतो आणि आलेली रक्कम मंडळीच्या निधीत जमा होते. एखादी वस्तू घेणारा ती पुन्हा लिलावाला देतो आणि साध्या भोपळ्याचीही किंमत चढत जाते. कॅथलिक मंडळ्यांत उपवासकाळातील काटकसरीतून वाचवलेला पैसा गरजूंसाठी बाजूला काढण्याची रीत आहे. गायनमंडळ, रविवारची शाळा, आजाऱ्यांच्या भेटी यांसाठी दिलेला वेळ हेही अर्पणच होय.

संस्थांच्या बाबतीत या नैतिक जबाबदारीला कायद्याची जोड आहे. महाराष्ट्रातील सार्वजनिक विश्वस्त संस्था १९५० च्या अधिनियमाखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवल्या जातात आणि त्यांना हिशेबांची तपासणी करून घ्यावी लागते. याच कायद्यानुसार मोठ्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात.

विपर्यास व टीका : देवाचा आशीर्वाद म्हणजे बँकेतील शिल्लक, आणि जास्त दिले की जास्त परत मिळते, अशी समृद्धीची शिकवण अलीकडे लोकप्रिय झाली आहे. तिच्यात दान हे गुंतवणूक बनते आणि गरीब माणूस कमी विश्वासाचा ठरतो. दानपेटीत दोन टोल्या (अगदी कमी किमतीची नाणी) टाकणाऱ्या गरीब विधवेची येशूने केलेली वाखाणणी या शिकवणीच्या थेट विरोधात जाते. दुसरा विपर्यास उलट दिशेचा आहे : सारे देवाचे आहे असे म्हणून नियोजन, बचत, विमा, आरोग्य यांकडे दुर्लक्ष करायचे आणि अडचण आली की इतरांवर भार टाकायचा. तिसरा धोका मंडळ्यांच्या स्थावर मालमत्तेचा. मिशनकाळात गावाबाहेर मिळालेल्या जागा आज शहरांच्या मध्यवस्तीत आल्या आहेत आणि त्यांना मोठा भाव आहे. पूर्वजांनी शाळा, दवाखाने आणि स्मशानभूमी यांसाठी ठेवलेल्या जमिनीचा निर्णय मूठभर लोकांनी बंद दाराआड घेणे, हा कारभारीपणाचा भंगच आहे.

मूल्यमापन : ही शिकवण केवळ श्रीमंतांसाठी नाही. एक रुपया, एक तास, एक कला, एक विहीर यांचाही कारभार असतो. नागपूर-वर्ध्याच्या आणि एकूण मराठी ख्रिस्ती परंपरेने तिच्यात घातलेली मोलाची भर म्हणजे भक्ती आणि वही यांची सांगड. हिस्लॉप यांनी बुद्धीचा, रमाबाईंनी टाकून दिलेल्या मुलींच्या हातांचा आणि कुमारप्पांनी पै-पैचा हिशेब चोख ठेवला. आजच्या मंडळीने निदान तीन गोष्टी कराव्यात : वार्षिक ताळेबंद प्रत्येक सभासदाला वाचता येईल असा सूचनाफलकावर लावावा, गरिबांसाठी दिलेला पैसा गरिबांपर्यंतच पोचतो की नाही हे दरवर्षी तपासावे, आणि जमिनीचा कोणताही व्यवहार सर्वसाधारण सभेपुढे आणावा. आपल्या मंडळीचा हिशेब मागणे हा अविश्वास नाही. तो प्रत्येक सभासदाचा हक्क आहे आणि त्याचे कर्तव्यही आहे.