मुलांपाठोपाठ गेलेली शाळा

मुळशी तालुक्यातील मारुंजी हे गाव कालपरवापर्यंत शेतीवर जगत होते. शेजारी हिंजवडीस माहिती तंत्रज्ञानाची नगरी वसली आणि मारुंजीच्या शिवारात बहुमजली इमारती उभ्या राहू लागल्या. त्या बांधणाऱ्या मजुरांची बिऱ्हाडे पत्र्याच्या खोपटांत असतात. काम सरले की बिऱ्हाड हलते. मुलाचे नाव पटावर राहते व मूल पुढल्या गावी जाते. अशा मुलांना शिकविण्यास आपल्या समाजातील सुशिक्षितांनी आठवड्याचे काही तास द्यावेत, असे कोणी सुचविले की ‘सरकारी शाळा आहे ना!’ हे उत्तर तयार असते. आम्हांस ते पटत नाही.

१८८२ साली हंटर आयोगापुढील निवेदनात जोतीराव फुले यांनी बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली. पुढे सक्तीचे प्रांतिक कायदे झाले, तरी देशभर हक्काचा कायदा होण्यास २००९ साल उजाडले. मधल्या काळात ज्यांनी कायद्याची वाट पाहिली नाही, त्यांच्यापैकी ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांचे कार्य आमच्या विषयास सर्वांत जवळचे होय. अनुताई मूळच्या आपल्याच पुणे जिल्ह्यातील मोरगावच्या. बालवयातच त्यांना वैधव्य आले होते. १९४५ साली बोर्डी येथे या दोघींनी ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम मांडले. शाळा होती, पण वस्तीतली मुले तेथे येईनात. तेव्हा शाळाच वस्तीच्या अंगणात गेली. मुलांना न्हाऊ घालावे, केस विंचरावेत, मग गाणी व गोष्टी! अंगणवाडी हा शब्द तेथला; १९७५ साली सरकारनेही तो उचलला. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुले गुरे राखण्यास जात, म्हणून कुरणशाळा निघाली. गुरे चरत आणि मुले अक्षरे गिरवीत. मूल गैरहजर असेल, तर दोष शाळेच्या जागेत व वेळेत शोधावा, ही त्यांची रीत आम्हांस फार मोलाची वाटते.

मजुरांच्या मुलांबाबत याच वाटेने गेलेली संस्था म्हणजे रजनी परांजपे व बीना शेठ लष्करी यांनी १९८८ साली मुंबईत सुरू केलेले ‘डोअर स्टेप स्कूल’. पुण्यात या संस्थेने बांधकामाच्या जागेवरच वर्ग भरविले.

मारुंजीस शिकविण्यास जाणाऱ्याने म्हणून पहिली चौकशी मुकादमाकडे करावी: हे काम किती महिने चालणार, आणि पुढचे कोठे?