ढोल-ताशा पथकांची परदेशातील सादरीकरणे

ढोल-ताशा पथकांची परदेशातील सादरीकरणे म्हणजे महाराष्ट्रातील सामूहिक ढोल-ताशा वादनाने भारताबाहेरील सण, उत्सव आणि नागरी संचलने यांत घेतलेला सहभाग होय. यात दोन प्रकार आढळतात. महाराष्ट्रातील पथकाचे वादक निमंत्रणावरून परदेशी जाऊन वादन करतात, हा पहिला प्रकार. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील तरुण-तरुणी तेथेच पथक उभारतात, हा दुसरा प्रकार असून तोच अधिक रुजला आहे. मोठ्या पथकाचा प्रवास खर्चिक असल्यामुळे वादकांपेक्षा वाद्ये आणि पथक चालवण्याची पद्धत अधिक प्रमाणात परदेशी पोहोचली. अमेरिकेची संयुक्त संस्थाने, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर आणि संयुक्त अरब अमिराती येथे अशी पथके आहेत.

पार्श्वभूमी

चालता चालता करण्याच्या वादनाची परंपरा पुणे जिल्ह्यात जुनी आहे. आषाढी वारीत टाळ-मृदंगाच्या साथीने चालणाऱ्या दिंड्या हे तिचे सर्वांत परिचित रूप होय. संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून पुढे निघाल्यावर भवानीनगरलगतच्या सणसर येथे मुक्काम करते आणि त्यानंतर बेलवाडी येथे गोल रिंगण होते. दिंडीतील वादक व्यावसायिक नसतात. प्रत्येक दिंडीत चालण्याचा क्रम ठरलेला असतो आणि विणेकऱ्याचे स्थान मानाचे असते. शिस्त, ठरलेली जागा आणि विनामोबदला सहभाग ही वैशिष्ट्ये शहरी ढोल-ताशा पथकांतही दिसतात.

लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने १८९३ पासून गणेशोत्सवाला सार्वजनिक स्वरूप आले. विसर्जन मिरवणुकीत ढोल-लेझीम वाजवण्यासाठी मावळ आणि मुळशी भागांतील ग्रामीण पथके पुण्यात येत असत. पुढे शहरातील शाळांनी स्वतःची पथके उभारली. आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये स्थापन केलेली ज्ञान प्रबोधिनी, न्यू इंग्लिश स्कूल रमणबाग आणि नूतन मराठी विद्यालय यांची पथके विशेष प्रसिद्ध झाली. ढोल-ताशासह बरची व लेझीम यांचाही सराव विद्यार्थ्यांकडून करून घेतला जाई. शाळेतून बाहेर पडलेल्या माजी विद्यार्थ्यांनी आणि इतर तरुणांनी नंतर स्वतंत्र पथके सुरू केली. मुलींचा सहभाग वाढत गेला आणि आज अनेक पथकांत त्या ढोल, ताशा व ध्वज या तिन्ही विभागांत दिसतात.

गणेशोत्सवाबाहेरही या वादनाला स्थान मिळाले. डोंबिवली येथे १९९९ मध्ये सुरू झालेल्या गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेचे अनुकरण अनेक शहरांनी केले आणि अशा शोभायात्रांमध्ये ढोल-ताशा नित्याचा झाला. २६ जानेवारी २०२४ रोजी नवी दिल्लीतील प्रजासत्ताक दिनाच्या संचलनाची सुरुवात प्रथमच १०० महिला कलावंतांच्या लोकवाद्यवादनाने झाली. त्यात महाराष्ट्रातील ढोल व ताशा यांचा समावेश होता.

वाद्ये आणि पथकाची रचना

ढोल कमरेला बांधून वाजवला जातो. त्याच्या एका बाजूवर टिपरूने आणि दुसऱ्या बाजूवर हाताच्या थापेने आघात करतात. दोन्ही तोंडांवरील पाने दोरीने ताणलेली असतात आणि दोरी आवळून स्वर चढवला जातो. ताशा हे उथळ भांड्याच्या आकाराचे वाद्य असून ते गळ्यात अडकवून दोन बारीक काड्यांनी वाजवतात. ढोल ठेका धरतो, तर ताशा चाल देतो आणि ठेका कधी बदलायचा हे सुचवतो. म्हणून पथकाचे सांगीतिक नेतृत्व सामान्यतः ताशावादकांकडे असते. झांज, टोल आणि भगवा ध्वज हे पथकाचे इतर घटक आहेत.

नव्या वादकांचा सराव गणेशोत्सवापूर्वी साधारण दोन महिने, वाद्यपूजनानंतर सुरू होतो. पुण्यात मुठा नदीकाठ आणि मोकळी मैदाने ही सरावाची नेहमीची ठिकाणे आहेत. ठेक्यांना ‘हात’ असेही म्हटले जाते आणि ते ऐकून व पाहून शिकवले जातात. स्वरलिपी वापरण्याची प्रथा नाही. याचा परिणाम परदेशातील प्रसारावरही झाला. लिखित संहिता नसल्यामुळे पुण्यात वाजवलेला एखादा माजी वादक हाच नव्या ठिकाणी शिक्षक ठरतो आणि त्याच्या पथकाची शैली तेथे जाते. अलीकडे दृकश्राव्य मुद्रणांचाही आधार घेतला जातो.

परदेशातील प्रसार

भारताबाहेर मराठी मिरवणूक-परंपरा नेण्याचे काम ढोल-ताशा पथकांच्या आधीच झाले होते. एकोणिसाव्या शतकात कोकणातून मॉरिशसला गेलेल्या मजुरांच्या वंशजांनी गणेशोत्सव आणि झाकरी हा नृत्यप्रकार जपला. मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते आणि मूर्ती वाद्यांच्या गजरात विसर्जनासाठी नेल्या जातात.

पुढील स्थलांतर शिक्षण व नोकरीनिमित्त झाले आणि त्यातून महाराष्ट्र मंडळे स्थापन झाली. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ चे आहे. उत्तर अमेरिकेतील मंडळांची शिखर संस्था असलेले बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ मध्ये स्थापन झाले. त्याचे अधिवेशन सामान्यतः दर दोन वर्षांनी भरते. २०१९ चे अधिवेशन डॅलस येथे, २०२२ चे अटलांटिक सिटी येथे आणि २०२४ चे सॅन होजे येथे झाले. अशा अधिवेशनांतील शोभायात्रा ढोल-ताशाला मोठे व्यासपीठ देतात, कारण वेगवेगळ्या शहरांतील वादक तेथे एकत्र येतात.

एकविसाव्या शतकात माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील नोकऱ्यांमुळे पुणे-मुंबईतील तरुण मोठ्या संख्येने परदेशी गेले. त्यांतील अनेकांनी विद्यार्थिदशेत पथकात वादन केलेले होते. मंडळाच्या गणेशोत्सवासाठी मोजके ढोल मागवणे, वाहनतळावर किंवा उद्यानात सराव करणे आणि पुढे शहराच्या सार्वजनिक कार्यक्रमात सहभागी होणे, असा अनेक पथकांचा क्रम राहिला आहे.

मिरवणूक आणि संचलन

परदेशी जाताना या वादनाच्या स्वरूपात झालेला सर्वांत मोठा बदल मिरवणूक आणि संचलन यांच्यातील फरकातून आला.

पुण्यातील विसर्जन मिरवणूक थांबत थांबत चालते. लक्ष्मी रस्त्यावरील चौकांत पथके उभी राहून वादन करतात. वादनाची सुरुवात संथ ठेक्याने होते, लय क्रमाक्रमाने वाढते आणि शेवटी ती उत्कर्षाला पोहोचते. श्रोते पथकासोबत चालतात किंवा त्याच्याभोवती दाटीने उभे राहतात. अनेक वर्षी ही मिरवणूक २४ तासांहून अधिक काळ चालली आहे.

पाश्चात्त्य देशांतील सुट्टीच्या दिवशीची संचलने याउलट वेळेच्या चौकटीत बांधलेली असतात. पॅसाडीना येथील रोझ परेड १८९० पासून, न्यूयॉर्कमधील मेसीज थँक्सगिव्हिंग डे परेड १९२४ पासून, तर लंडनमधील नववर्षदिनाचे संचलन १९८७ पासून होत आहे. या संचलनांत शालेय व महाविद्यालयीन बँड मोठ्या संख्येने भाग घेतात आणि त्यासाठी दूरवरून प्रवास करून येतात. प्रत्येक गटाला मागील व पुढील गटाशी अंतर राखून सतत चालावे लागते. प्रेक्षक रस्त्याच्या कडेला असतात आणि एखाद्या ठिकाणी उभ्या असलेल्या प्रेक्षकाला प्रत्येक गट फार थोडा वेळ ऐकू येतो.

अशा संचलनात संथ आरंभापासून उत्कर्षापर्यंतचा प्रवास साधता येत नाही. म्हणून संचलनात वादन करणारे पथक ओळखता येतील असे मोजके ठेके निवडते, ते पुन्हा पुन्हा वाजवते आणि ठेका बदलण्याच्या खुणा आधीच ठरवते. ढोलवादकाला थापेबरोबर झुलण्याची सवय असते, एका पावलात चालण्याची नसते. त्यामुळे पावलांचा स्वतंत्र सराव करावा लागतो. मार्गाच्या लांबीचाही विचार करावा लागतो. रोझ परेडचा मार्ग सुमारे ९ किलोमीटरचा, तर लंडनच्या संचलनाचा सुमारे साडेतीन किलोमीटरचा आहे. कमरेला ढोल बांधून न थांबता एवढे अंतर चालण्यासाठी बदली वादक लागतात.

न्यूयॉर्कमधील भारत दिन संचलन या दोन पद्धतींच्या मध्ये येते. फेडरेशन ऑफ इंडियन असोसिएशन्स या संस्थेतर्फे ते १९८१ पासून ऑगस्ट महिन्यात मॅडिसन ॲव्हेन्यूवर आयोजित केले जाते. मार्ग तुलनेने लहान आणि प्रेक्षक बहुतांशी भारतीय वंशाचे असल्याने येथे वादनाला मिरवणुकीच्या जवळचे रूप घेता येते.

प्रवासाची व्यवस्था

महाराष्ट्रातून पथक पाठवताना संख्येचा प्रश्न प्रथम येतो. पुण्यातील मोठ्या पथकात शंभराहून अधिक वादक असतात, तर परदेशी जाणाऱ्या चमूत त्यांचा लहान भागच जाऊ शकतो. चमू निवडताना ताशावादक आणि झांजवादक टिकवून ढोलांची संख्या घटवली, की वादनाचा भारदस्तपणा कमी होतो. त्यामुळे यजमान शहरातील स्थानिक वादकांना सोबत घेण्याची पद्धत सोयीची ठरते.

भारत सरकारच्या सांस्कृतिक दौऱ्यांची व्यवस्था भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद पाहते. मौलाना अबुल कलाम आझाद यांच्या पुढाकाराने १९५० मध्ये स्थापन झालेली ही संस्था निवडसूचीतील कलावंतांना परदेशी पाठवते. लोककला महोत्सवांचे आंतरराष्ट्रीय जाळे असलेली सिऑफ ही संघटना १९७० मध्ये फ्रान्समधील काँफोलाँ येथे स्थापन झाली. तिच्याशी संलग्न महोत्सवांत निवास व भोजनाची सोय सामान्यतः यजमान करतात आणि प्रवासखर्च गटाला उभा करावा लागतो. स्वयंसेवी तत्त्वावर चालणाऱ्या, विद्यार्थ्यांचा भरणा असलेल्या पथकांसाठी हीच मोठी अडचण असते.

प्रवेशपरवान्याचे नियम देशागणिक वेगळे आहेत. अमेरिकेत वैशिष्ट्यपूर्ण पारंपरिक कलेच्या सादरीकरणासाठी पी-३ हा स्वतंत्र वर्ग आहे. ब्रिटनमध्ये ठरावीक महोत्सवांची यादी शासन जाहीर करते आणि त्यांतील कलावंतांना प्रायोजकत्वाच्या अटीतून सूट मिळते. अल्पवयीन वादकांसाठी पालकांचे संमतिपत्र आणि सोबत जबाबदार प्रौढ व्यक्ती आवश्यक ठरते.

वाद्ये नेण्याचे दोन मार्ग आहेत. ती तात्पुरती नेऊन परत आणायची असल्यास एटीए कार्नेट या दस्तऐवजाच्या आधारे सीमाशुल्क न भरता नेता येतात. भारतात हा दस्तऐवज फिक्की ही संस्था देते. विमान कंपन्यांच्या सामानाच्या सर्वसाधारण मर्यादेत, म्हणजे २३ किलो वजन आणि लांबी, रुंदी व उंची मिळून १५८ सेंटिमीटर, मोठा ढोल बसवणे कठीण असते. कायमस्वरूपी वाद्ये हवी असलेली पथके ती सागरी मालवाहतुकीने मागवतात.

चामड्याच्या पानांवर विशेष निर्बंध येऊ शकतात. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथे प्राण्यांच्या चामड्याची वाद्ये घोषित करून तपासून घ्यावी लागतात. न्यूयॉर्क येथे २००६ मध्ये आणि लंडन येथे २००८ मध्ये आयात केलेल्या कातड्यांवर काम करणाऱ्या ढोलनिर्मात्यांना अँथ्रॅक्सची लागण झाली होती. तेव्हापासून प्रक्रिया न केलेल्या कातड्यांचा धोका अधिक चर्चेत आला. चामडे दमट हवेत सैल पडते आणि कोरड्या हवेत ताणले जाते. चर्मवाद्य शेकोटीवर शेकून तापवण्याचा पारंपरिक उपाय परदेशी शहरांच्या रस्त्यावर करता येत नाही. महाराष्ट्रात आधीच रूढ झालेली कृत्रिम पाने यामुळे परदेशात अधिक उपयोगी ठरली. मात्र त्यांचा आवाज चामड्याच्या पानापेक्षा तीक्ष्ण असतो.

ध्वनी, नियम आणि आरोग्य

महाराष्ट्रात आणि परदेशातही पथकांसमोरील समान प्रश्न आवाजाचा आहे. भारतातील ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. राष्ट्रीय हरित लवादाने ऑगस्ट २०२४ मध्ये पुण्यातील विसर्जन मिरवणुकीत प्रत्येक पथकात जास्तीत जास्त ३० जण असावेत असा निर्देश दिला. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये, विसर्जनापूर्वी, त्याला स्थगिती दिली.

परदेशात सरावाची जागा मिळवणे हेच अवघड काम असते. निवासी भागात शेजाऱ्यांच्या तक्रारी येतात आणि थंडीत बंदिस्त सभागृहात सराव केल्यास आवाज परावर्तित होऊन वादकांच्या कानांवर अधिक ताण येतो. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल आवाजात आठ तास ही मर्यादा आहे आणि दर ३ डेसिबल वाढीला सुरक्षित वेळ निम्मा होतो. या हिशेबाने १०० डेसिबल आवाजात तो केवळ १५ मिनिटे उरतो. त्यामुळे कर्णरक्षकांचा वापर, विशेषतः वाढत्या वयाच्या मुलांसाठी, आवश्यक मानला जातो.

सामाजिक महत्त्व आणि मतभेद

परदेशी जन्मलेल्या दुसऱ्या पिढीला पथकात प्रवेश घेण्यासाठी मराठी उत्तम येण्याची अट नसते. ठेका ऐकून शिकता येतो, मात्र सूचना, ठेक्यांची नावे आणि घोषणा मराठीत असल्याने भाषेशी संबंध राहतो. अमराठी वादकांनाही याच कारणाने सामील होणे सोपे जाते.

या प्रसाराबाबत काही प्रश्नही उपस्थित होतात. ताशा, हलगी, सनई ही वाद्ये पिढ्यान्‌पिढ्या वाजवून उपजीविका करणारे कलावंत ग्रामीण महाराष्ट्रात आहेत. परदेशी निमंत्रणांत मात्र शहरी, सुशिक्षित आणि स्वखर्चाने प्रवास करू शकणाऱ्या पथकांना संधी मिळण्याची शक्यता अधिक असते. धनगर समाजाचे गजी नृत्य, हलगीवादन किंवा दिंडीतील मृदंगवादन यांच्या तुलनेत ढोल-ताशाच ‘महाराष्ट्राचे वादन’ म्हणून ओळखला जाण्याने इतर प्रकार झाकोळले जातात, असाही आक्षेप आहे. विनामोबदला वादन हा पथकाचा अभिमानाचा भाग असला, तरी त्याच वादनावर पोट असलेल्या कलावंतासाठी ती स्पर्धा ठरते.

हे सुद्धा पहा

ढोल
ताशा
लेझीम
सार्वजनिक गणेशोत्सव
बृहन्महाराष्ट्र मंडळ
पालखी सोहळा