चोवीस मूर्ती आणि एक अलंकार



परवा नातीने मंदिरात विचारलं, "आजी, सगळे देव सारखेच का गं?" मी तिला आसनाखालची लांछनं दाखवली. बैल म्हणजे आदिनाथ, हत्ती म्हणजे अजितनाथ, घोडा म्हणजे संभवनाथ. ध्यानमुद्रा तीच, खूण तेवढी बदलते. सांगता सांगता मला पेटीच्या शिकवणीतला अलंकार आठवला. सारेग, रेगम, गमप... आकृती एकच, नुसती एकेक सूर वर सरकत जाते.

ही लांछनंही पहिल्यापासून नव्हती. मथुरेला कंकाली टीला इथे सापडलेल्या कुषाणकाळातल्या मूर्तींवर ती दिसत नाहीत. खांद्यावर रुळणाऱ्या बटांवरून आदिनाथ ओळखायचे, नागफण्यावरून पार्श्वनाथ. बाकीच्यांसाठी खाली कोरलेला लेख वाचायचा. त्या लेखांत मूर्ती दान करणाऱ्या बायकांची नावं कितीतरी आहेत. (हिशेब ठेवणारी मी, मला दात्यांची नावं आधी दिसतात!)

लग्नानंतर एकदा मी मंदिरात स्तवन म्हणताना दोन ताना घेतल्या. एक वयस्कर बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "हे मंदिर आहे, मैफल नव्हे." त्यानंतर कित्येक वर्षं मी फक्त सगळ्यांच्या आवाजात आवाज मिसळला. वाटायचं, आपली मूर्ती बिनदागिन्याची, मग गाण्याला तरी दागिना कशाला?

पुढे अहमदाबादच्या देवसानो पाडो भांडारातल्या कल्पसूत्राची चित्रं पुस्तकात पाहिली. ही पोथी साधारण १४७५ ची. कल्पसूत्र श्वेतांबरांचं, आपण दिगंबर ते वाचत नाही. मी शेजारणीकडे पर्युषणात ऐकलेलं. आत तीर्थंकरांची चरित्रं, आणि समासात चक्क राग, रागिण्या, मूर्च्छना माणसांच्या रूपात! शिवाय नाचणाऱ्या आकृती. रागांना अशी रूपं देण्याचं काम सुधाकलश या जैन साधूंनी १३५० च्या आपल्या संगीतग्रंथात आधीच केलं होतं. म्हणजे सूर-ताना साधूंना आणि पोथी लिहवून घेणाऱ्यांना वर्ज्य नव्हत्या. त्यांनी जागा मात्र नेमून दिली: चरित्र मध्ये, नटवणं कडेला.

गेल्या दशलक्षणात मी पुन्हा एकटीने स्तवन म्हटलं. शब्द सरळ ठेवले. ओळ संपल्यावर मात्र एक छोटी तान घेतली.