नेढ्याचा गळ आणि कोरडी माशी

हॉल आणि नाइट हें जोडनांव महाराष्ट्रांतील जुन्या इंग्रजी शाळांतून शिकलेल्या कोणासहि अपरिचित नाहीं. त्यांच्या बीजगणितानें कित्येक पिढ्यांची झोंप उडविली. प्रस्तुत लेखक संस्कृतचा शिक्षक. तथापि गणिताचे गुरुजी रजेवर गेले म्हणजे त्याच पुस्तकांतील उदाहरणें फळ्यावर उतरवून वर्गास गुंतवून ठेवण्याचें काम आमच्याकडे येई. त्या वेळीं या पहिल्या ग्रंथकाराविषयीं जी गोष्ट आम्हांस ठाऊक नव्हती, तीच या टिपणाचा विषय आहे. हेन्री सिंक्लेअर हॉल हे ब्रिस्टल शहरांतील क्लिफ्टन कॉलेजांत गणित शिकवीत, आणि सवड सांपडली कीं ट्राउट मासे धरीत. 'कोरडी माशी' म्हणून मत्स्यवेधाची जी पद्धति एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत इंग्लंडांत रूढ झाली, तिच्या इतिहासांत हॉल यांस सामान्यतः एका ओळीचा मान मिळतो. तो अपुरा आहे असें आमचें मत आहे.

गळास पिसें बांधून किड्याचा भास निर्माण करण्याची युक्ति फार जुनी. इसवी सनाच्या २०० च्या सुमारास एलिअन या लेखकानें मॅसिडोनियांतील कोळ्यांचें वर्णन करतांना गळावर तांबडी लोंकर व कोंबड्याचीं दोन पिसें बांधल्याचें सांगितलें आहे. इंग्लंडांत १४९६ सालीं छापलेल्या गळविद्येवरील निबंधांत अशा बारा माशा दिल्या आहेत. आपल्याकडे चालुक्य सोमेश्वराच्या मानसोल्लासांत (शके १०५१) मत्स्यविनोदाचें स्वतंत्र प्रकरण आहे. परंतु तेथील आमिषें खाण्याचीं आहेत, भासाचीं नाहींत.

ह्या जुन्या माशा पाण्यांत बुडत. हॅम्पशर परगण्यांतील टेस्ट व इचेन या नद्यांवर मात्र निराळा प्रश्न होता. त्यांचें पाणी खडूच्या जाड थरांतून पाझरून येतें, म्हणून तें बारमास आणि विलक्षण नितळ असतें. (खडूचा हा उपयोग शिक्षकांस सहसा सुचत नाहीं.) पाण्यांत वाढलेले किडे पंख फुटतांच पृष्ठभागावर येऊन क्षणभर तरंगतात आणि ट्राउट खालून येऊन त्यांस अलगद टिपतो. अशा माशापुढें ठेवावयाची ती माशी तरंगलीच पाहिजे.

ती कशी बांधतात हें समजल्यावांचून पुढील वाद समजणार नाहीं. नखाएवढ्या गळाच्या दांडीवर मेण लावलेला रेशमी दोरा गुंडाळतात. साळुंकीच्या कुळांतील स्टार्लिंग पक्ष्याच्या पिसाचे काप उभे करून पंख करतात. शेपटीस कोंबड्याच्या पिसांतले चारदोन केस पुरतात. अंगासाठीं मोराच्या पिसांतील डोळ्याजवळचा तंतु घेऊन त्यावरील लव खरवडतात. उरलेल्या पट्टीस एका कडेनें काळी किनार असते, त्यामुळें ती गुंडाळली कीं किड्याच्या अंगावरील वळ्या दिसूं लागतात. शेवटीं कोंबड्याच्या मानेचें पीस आडव्या कडेवर दांडीभोंवतीं फिरवितात. त्याचे ताठ केस चोहोंकडे उभे राहतात आणि त्यांच्या टोंकांवर माशी पाण्याच्या पापुद्र्यावर उभी राहते. कोंबडीचें पीस मऊ असतें, तें पाणी पितें. येथें तें निरुपयोगी.

तरीहि चारसहा फेंकींनंतर माशी भिजतेच. तिला वाळविण्यासाठीं ती पाण्यावर न टेंकवितां हवेंतच पुनःपुनः फटकारावी लागते. येथें अडचण आली. त्या काळच्या बारीक गळांस नेढें नसे. रेशमाच्या किड्यापासून काढलेला तंतु दांडीस बांधून त्यावरच माशी रचीत. फटकारतां फटकारतां तो तंतु जोडावर झिजे, मोडे, आणि तासभर खपून बांधलेली माशी नदींत जाई. हॉल यांनीं जॉर्ज बँकार्ट यांच्या सहकार्यानें १८७९ च्या सुमारास यावर उपाय सिद्ध केला: बारीक तारेचा, हलका, नेढें असलेला गळ. तंतु झिजला तर कापावा, नेढ्यांत नवा ओंवावा, माशी शाबूत.

यावर कोणी म्हणेल, नेढ्याचे गळ तर कांस्ययुगांतहि सांपडतात, मग यांत नवें तें काय? आक्षेप खरा आहे, पण येथें तो लागू पडत नाहीं. मोठ्या गळास नेढें असणें वेगळें, आणि तरंगण्याइतक्या हलक्या तारेस नेढें पाडून, योग्य पाणी देऊन, ती न वांकतां न मोडतां मासा पेलील अशी करणें वेगळें.

आतां श्रेयाचा प्रश्न. या विद्येचा आद्य आचार्य म्हणून फ्रेडरिक हॅलफर्ड (१८४४–१९१४) यांचें नांव घेतात. त्यांचा तरंगत्या माशांवरील ग्रंथ १८८६ सालीं निघाला. त्यांत हातानें रंगविलेलीं नव्वद चित्रें आहेत. परंतु कोरड्या माशीचा उल्लेख अ‍ॅक्स्मिन्स्टरच्या पुलमन यांच्या पुस्तकांत १८५१ सालींच आहे. बॅडमिंटन ग्रंथमालेंतील मत्स्यवेधाच्या भागांत हॉल यांनीं याच विषयावर लिहिलें तें १८८५ सालीं. त्याच वर्षीं त्यांचें शालेय बीजगणितहि प्रसिद्ध झालें. शिवाय हॅलफर्ड यांचे गुरु म्हणावे असे जॉर्ज सेल्विन मॅरियट त्यांच्या पाठीशीं होते. १८७९ सालीं विंचेस्टरमधील एका दुकानांत दोघांची गांठ पडली. ग्रंथावर दोघांचीं नांवें असावीं अशी हॅलफर्ड यांची इच्छा होती. मॅरियट यांनीं ती मान्य केली नाहीं. ते १८९६ सालीं वारले. हॅलफर्ड यांस दोष देण्याचें कारण नाहीं. त्यांनीं ऋण मोकळेपणानें मान्य केलें आहे, आणि नेढ्याच्या गळाचा पुरस्कारहि त्यांनींच हिरीरीनें केला. दोष असलाच तर तो पुढील वाचकांचा, ज्यांनीं ग्रंथ पाहिला आणि हत्यार पाहिलें नाहीं.

सूत्र कठोर होत गेलें तें मागाहून. अमुक किड्याची अमुकच प्रतिकृति, या आग्रहानें हॅलफर्ड यांनीं १९१० सालीं आपल्या माशा तेहतीसांवर आणल्या. सशाच्या कानाच्या केसांची सोनेरी तारेची माशी उत्तम मासे देई, पण ती नक्की कोणत्या किड्याची नक्कल हें सांगतां येईना, म्हणून त्यांनीं ती टाकली! मासा ती खात होता, एवढा आधार शास्त्रास पुरला नाहीं. त्याच १९१० सालीं स्क्यूज या वकिलानें पृष्ठभागाखालील किड्यांच्या अनुकृतीचा पक्ष मांडला, आणि त्यावरून निघालेला वाद १९३८ सालीं लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबांत जाहीर चर्चेस आला.

या सर्व झगड्यांत दोन्ही पक्षांच्या हातीं गळ मात्र नेढ्याचाच होता. हॉल यांच्या उच्च बीजगणिताच्या (१८८७) आवृत्त्या भारतांत आजहि छापल्या जातात.