येडं

बीड जिल्ह्यासह ग्रामीण महाराष्ट्राच्या मोठ्या भागातील बोलीत मूर्ख वा भोळसट माणसास उद्देशून वापरला जाणारा हिणकस शब्द. प्रमाण मराठीतील ‘वेडे’ या रूपातील आरंभीच्या ‘वे’चा ‘ये’ होऊन तो बनतो. हाच ध्वनिबदल वेळ–येळ या जोडीत आणि मराठवाड्यातील वेळ अमावास्येच्या ‘येळवस’ या बोलीनावातही आढळतो. दोन स्वरांमधील ‘ड’ उच्चारताना जिभेचे टोक टाळूस ओझरते लागून सुटते, हे दाखविण्यासाठी हिंदीत अक्षराखाली नुक्ता देतात, मराठी लेखनात मात्र तशी सोय नाही. शेवटचे टिंबही अनुनासिकाचे नसून लांबट ‘अ’चे निदर्शक असते. धडधाकट पुरुषास नपुंसकलिंगी रूप लावल्याने तुच्छता वाढते, पण मित्रांमधील ‘येड्या’ ही हाक बहुधा लाडिकच.