पेठ कशाने वसते?



"आज बाजार कुठला?" हा प्रश्न आपल्या खेड्यांत किती सहज विचारला जातो! सोयरिकीची बोलणी, सावकाराचा वायदा, बैलाची खरेदी, सारे काही बाजाराच्या वारावर ठरत आले. त्या दिवशी वर्गातली हजेरी कशी घटते, हे शिक्षकबंधूंना मी वेगळे सांगायला नको. पण बाजार याच गावी का भरतो, आणि पलीकडच्या गावी का नाही? आज करमाळा आणि केम या सोलापूर जिल्ह्यातल्या दोन गावांच्या निमित्ताने आपण याचा थोडा विचार करू.

आधी जरा दूर जाऊ. इंग्लंडातही अशी बाजाराची जुनी गावे पुष्कळ आहेत. तेराव्या शतकात तिथे बाजार भरवण्याचा हक्क राजाच्या सनदेने मिळे. ब्रॅक्टनच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या काळच्या कायदेग्रंथात एक मोठा गमतीचा हिशेब आहे. माणसाची दिवसाची चाल वीस मैल धरा. तिचे तीन वाटे करा: एक जायला, एक खरेदी-विक्रीला, एक उजेडी घरी परतायला. म्हणजे पावणेसात मैलांच्या आत दुसरा बाजार उभा राहिला, तर पहिल्याचे नुकसान! आपल्या शेतकऱ्याने हा ग्रंथ कधी पाहिला नाही, पण दिवस मावळायच्या आत गाडी घरी लागली पाहिजे, हा हिशेब त्याचाही तोच.

आपल्याकडे सनदेचे काम कौल करी. नवी पेठ वसवायची तर सरकार वाणी-उदम्यांना कौल देई: अमुक वर्षे पट्टी माफ, जकातीत सूट, जिवाला व मालाला अभय. पेठेचा कारभार शेटे व महाजन पाहात. कसबा हा जुन्या वस्तीचा आणि कारभाराचा, तर पेठ ही व्यापाऱ्यांची. थोडक्यात, पेठ नुसत्या दुकानांनी वसत नाही. आधी भरवसा वसावा लागतो, मग दुकाने येतात.

आता करमाळा पाहा. हे निंबाळकरांच्या एका शाखेचे ठाणे. रावरंभा निंबाळकरांनी इथे भुईकोट बांधायला घेतला आणि त्यांचे पुत्र जानोजी यांनी तो पुरा केला. कोटाच्या आसऱ्याने पेठ वाढली. बालाघाटाकडून पुण्याकडे जाणारा माल या वाटेने जाई. गुरे, धान्य, तेल, कापड यांचा मोठा बाजार शुक्रवारी भरे. गावाच्या दक्षिणेकडील विहिरींच्या झऱ्यांचे पाणी जमिनीखालच्या नळाने गावात आणले होते, आणि ते उपसण्यासाठी जागोजागी विहिरी होत्या. बाजाराला माणसे येतात तशी जनावरेही येतात. ज्या गावी पाणी नाही तिथे बाजार टिकत नाही.

मग १८६० साली रेल्वे पुण्याहून सोलापूरला पोहोचली. रूळ करमाळ्यावरून गेले नाहीत. दक्षिणेकडून, केमवरून गेले. झाले! गाड्यांच्या बैलांनी तोंडे फिरवली. करमाळ्याचा दूरचा व्यापार बराचसा रेल्वेकडे वळला. कोट होता तिथेच राहिला, वाट मात्र गेली. बार्शीचीही तीच अडचण, कारण 'बार्शी रोड' हे स्थानक प्रत्यक्षात कुर्डुवाडीला, बार्शीपासून वीसेक मैल दूर! पण १८९७ मध्ये अडीच फुटी रुळांची छोटी गाडी बार्शीला आली, ती १९०६ मध्ये पंढरपूरला आणि १९११ मध्ये लातूरला गेली. बार्शीच्या पेठेला तिची वाट सापडली.

आणि केम? उत्तरेश्वराचे देऊळ असलेले हे गाव कुंकवासाठी नावाजले. हळदीला चुना किंवा टाकणखार यांसारख्या क्षाराचा स्पर्श झाला की ती लाल होते. गुरुजी, वर्गात हळदीच्या पाण्यात चुन्याची निवळी घालून दाखवा, मुले हरखून जातील. कुंकू हा वजनाला थोडा, टिकायला चांगला आणि घरोघर लागणारा जिन्नस. असा माल दूर धाडायला रेल्वेचे स्थानक म्हणजे केवढी सोय!

पण वाट आली म्हणजे सारे झाले का? नाही. जुन्या बाजारात शेतकरी माल घेऊन येई तो भीतभीतच. गावोगावची मापे निराळी, कडता निराळा. रुमालाखाली बोटे दाबून दोघे भाव ठरवणार आणि मालाचा धनी बाजूला उभा! म्हणून १९३९ चा मुंबईचा बाजार-कायदा झाला, १९५८ पासून दशमान वजने येऊ लागली, आणि १९६३ मध्ये महाराष्ट्राने बाजार समित्यांचा आपला कायदा केला. राजाचा कौल गेला, तिथे कायद्याचा कौल आला. तो पाळला जातो की नाही, हे काट्याजवळ उभे राहून आपणच पाहायचे असते.

आज ट्रक थेट शिवारात येतो आणि भाव हातातल्या फोनवर कळतो. मग आठवड्याचा बाजार हवा कशाला, असे कुणी म्हणेल. त्याला मी सांगेन की ट्रकभर माल असणाऱ्याचे बाजारावाचून अडणार नाही. अडेल ते चार जुड्या मेथी आणि दहा अंडी घेऊन येणाऱ्या बाईचे. तिच्या मालासाठी मोठ्या शहराचा ट्रक थांबत नाही. बाजार मोडला तर पहिली तीच घरी बसेल.

म्हणून शिक्षकांना एक विनंती. दहा मैलांच्या टापूतल्या बाजारांचे वार मुलांकडून नकाशावर मांडून घ्या. शेजारच्या गावांचे वार सहसा एकमेकांवर का येत नाहीत, हे त्यांनाच शोधू द्या. कुठला बाजार वाढला, कुठला मोडला, हे म्हाताऱ्यांना विचारून लिहून ठेवायला सांगा. आपल्या गावाचा इतिहास कोटाच्या भिंतीत आहे तसाच तो तागडीच्या पारड्यातही आहे. आणि पारडे सरळ राहिले, तरच पेठ राहते.